काटा ५२ च दाखवत होता

आईचे ब्लाऊज मी शिवते, माझ्या लग्नाच्या आधीपासून, म्हणजे होत आली आता २३ वर्षं. तिचं माप वहीत बघायची मला कधी गरजच पडली नाही, छाती ३६, दंडघेर ११, तोंडपाठ. गेल्या वर्षी फेब्रुवारीत भाच्याच्या लग्नासाठी तिचा एक ब्लाऊज शिवला, नेहमीच्याच मापाने, आणि तिने घालून बघितला तर बाही दंडावर लोंबत होती. मला वाटलं कापताना माझंच चुकलं. बाही उसवून आत घेतली, माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड, कापली नाही, तशीच ठेवली, म्हणलं थंडीत जेवण कमी झालं असेल, भरेल परत अंग. आणि त्याच आठवड्यात काट्यावर तिचं वजन होतं ५२ किलो, दिवाळीत होतं तेवढंच. त्यामुळे कुणालाच काही वाटलं नाही, मला पण नाही.

हे सगळं लिहायला बसलेय ते मुख्यतः या एका गोष्टीसाठी. पेशंटचं वजन वेगळं आणि पेशंटचं मांस वेगळं. हे कळायला आमचे जवळजवळ दोन महिने गेले, आणि त्यातले तीन आठवडे आईच्या कॅन्सरच्या ट्रीटमेंटचेच होते, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचे.

आई तेव्हा ५८ वर्षांची. अशोक चौकाकडे राहत होतो तेव्हापासून विड्या वळायची, बारक्या भावाचं शिक्षण त्याच विड्यांवर झालं, आता भावाकडे कुंभारीला राहते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकलेली नाही. पाळी जाऊन ८ वर्षं झालेली. पांढरं जात होतं वर्षभर, वास यायचा, कंबर दुखायची, पण सांगणार कुणाला, मुलाला तर नाहीच सांगणार, सुनेला लाज, आणि मी जुळे सोलापूरला, माझ्यापुढे आली की नातवंडांच्यात रमायची. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत कपड्याला लाल दिसायला लागलं तेव्हा वहिनीने धुताना बघितलं आणि मला फोन केला. त्याच्या आधी एका डॉक्टरकडे ती एकटीच जाऊन आली होती, त्यांनी चार महिने गोळ्या दिल्या, कडक उष्णता आहे म्हणाले, पण आतून तपासणी एकदाही केली नाही. पाळी बंद झालेल्या बाईला परत लाल जात असेल तर आतून बघायलाच पाहिजे, त्याला दुसरा काही पर्याय नसतो, हे मला आता माहितीये. तेव्हा नव्हतं.

मग तुकडा काढून तपासला, एमआरआय, सीटी. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, स्टेज ३ सी १, म्हणजे ओटीपोटातल्या लिम्फ नोडच्या गाठींपर्यंत गेलेला, आणि डाव्या बाजूची लघवीची नळी दाबली गेल्याने ती किडनी सुजलेली. हिमोग्लोबिन ७.४. क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला किडनीचा आकडा, वाढला की किडनी कमी चालते, १.९. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं ऑपरेशन होणार नाही, शेक, म्हणजे रेडिएशन, आणि केमो सोबत द्यायचं, आणि बरं होण्याच्या उद्देशानेच द्यायचं. शेवटचं वाक्य मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

इथे एक सांगते कारण ते माझ्या मनातून जातच नाही. आमची मावशी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिलेली, आता धाराशिव म्हणतात. साधारण २००० सालच्या आसपास त्यांच्याकडे गावागावांत बायकांच्या तपासण्या झाल्या होत्या, मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलची माणसं आणि बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल यांनी मिळून केलेल्या, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका होत्या त्या अभ्यासात. मावशीचीही तपासणी झाली, ती आजही सांगते की पहिल्यांदा लाज वाटली आणि नंतर काही नाही. त्याचा निकाल २००९ मध्ये आला, ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची, टेस्ट केली तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. एकदाच केलेल्या टेस्टने. आणि सोलापुरातून एसटीने दीड-दोन तासांवर राहणाऱ्या माझ्या आईची आयुष्यात एकदाही झाली नाही. मी स्वतः आता करून घेतली, आणि माझ्या १३ वर्षांच्या मुलीला एचपीव्हीच्या लसीचे दोन डोस दिले. असो, मूळ मुद्द्यावर येते.

आधी रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या, किडनीतून लघवी उतरावी म्हणून आतून नळी टाकली, स्टेंट म्हणतात त्याला, दहा दिवसांत क्रिएटिनिन १.१ वर आलं आणि मग केमोला परवानगी मिळाली, कारण सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध किडनीवर जड असतं. महात्मा फुले योजनेत बसलं, केशरी रेशनकार्ड, आधार, फोटो, आरोग्यमित्राच्या टेबलापुढे भाऊ दोन दिवस उभा होता पण झालं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शेक सुरू. सोमवार ते शुक्रवार रोज, असे २५ दिवस, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन, आणि ते संपलं की आतून शेक, ब्रॅकीथेरपी, चार वेळा. डॉक्टरांनी कॅलेंडरवर पेनाने गोल करून दिला की सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपलं पाहिजे, लांबलं की फायदा कमी होतो. एप्रिल आणि मे. सोलापुरात ज्यांनी एप्रिल-मे काढलाय त्यांना सांगायला नको, पारा ४३ पर्यंत जात होता, कुंभारीहून रिक्षाने येईपर्यंतच ती अर्धी व्हायची आणि वर शेकाच्या आधी पाणी पिऊन लघवी धरून बसायचं, मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात आणि शेकापासून वाचतात म्हणून.

दर सोमवारी केमोच्या आधी वजन. ५२. मग ५२.४. मग ५१.८. मग ५२. फाईलवर प्रत्येक वेळी लिहिलेलं असायचं की वजन स्थिर. आम्ही खूश. भाऊ तर सगळ्यांना फोनवर सांगायचा की आईने वजन धरून ठेवलंय.

तिसऱ्या आठवड्यात मी तिला आंघोळ घालत होते. वहिनीला ताप होता म्हणून त्या दिवशी मी. पाठीला साबण लावताना हाताला खांद्याचं हाड लागलं, नुसतं हाड. दंड धरला तर माझा अंगठा आणि मधलं बोट जवळजवळ जुळलं. आणि खाली बघितलं तर पाय सुजलेले, घोट्यावर बोट दाबलं की खळी पडून राहत होती. मी तिला पुसून बसवलं आणि पर्समधली टेप काढली. आई म्हणाली, "काय करूलालीस गं, आता ब्लाऊज शिवतीस का माझं?" मी काही बोलले नाही, माप घेतलं. पावणेदहा इंच. ११ चे पावणेदहा.

म्हणजे वरून मांस जात होतं आणि खाली पाणी साठत होतं आणि काट्याला दोन्ही सारखंच. एवढं साधं आहे हे, आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेकाच्या डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलेलं हसतील, शिंपीणबाई टेप घेऊन आलीये म्हणून. ते हसले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरवर आईचा सीटी उघडला, कंबरेतल्या तिसऱ्या मणक्यापाशी, एल ३ म्हणतात, तिथे पोट आडवं कापल्यासारखं चित्र दिसतं. हाड पांढरं, मांस करडं, चरबी काळी. मणक्याच्या दोन्ही अंगाला दोन गोल, पाठीकडे दोन पट्टे, आणि पोटाभोवती पातळ कडं, हे सगळं मांस. त्यांनी सांगितलं की या एका चित्रातल्या मांसाचं क्षेत्रफळ मोजलं आणि उंचीच्या वर्गाने भागलं की अख्ख्या अंगात मांस किती याचा चांगला अंदाज येतो, आणि हा सीटी तर कॅन्सरच्या पेशंटचा झालेलाच असतो, वेगळी तपासणी लागत नाही. पण रोजच्या ओपीडीत हे कुणी मोजत नाही, त्यांच्याकडे पण मोजायची सोय नव्हती, त्यांनी नुसतं डोळ्याने बघून दाखवलं. करड्या मांसात काळ्या रेघा शिरल्या होत्या, जुन्या चादरीचं सूत विरळ होतं ना, तसं दिसत होतं. तो सीटी फेब्रुवारीचा होता. म्हणजे ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधीच मांस झडायला लागलं होतं, लोंबणारी बाही खरं बोलत होती.

का होतं, तर त्यांनी मला समजेल असं सांगितलं. गाठीमुळे अंगात सतत एक दाह चालू राहतो, त्याने भूक मरते आणि शरीर स्वतःचंच मांस तोडून वापरायला लागतं. वर रक्त गेलेलं, उलट्या, जुलाब, आणि दिवसभर पडून राहणं. नुसत्या उपाशी माणसाची आधी चरबी जाते, इथे मांस पण सोबतच जातं. आपल्याकडे खंगली म्हणतात, त्यांच्या भाषेत कॅकेक्सिया. आणि हेही सांगितलं की नुसतं भरपूर खाऊ घालून ते पूर्ण उलटं फिरत नाही, पण खाणं आणि हालचाल दोन्ही धरलं तर झड कमी करता येते. अजून एक गोष्ट कळली ती मला सगळ्यात जास्त लागली. क्रिएटिनिन मांसातूनच तयार होतं. मांसच कमी झालं तर क्रिएटिनिनचा आकडा कमी येतो, आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली चालतेय असं वाटतं. आणि केमोचा डोस ठरतो उंची आणि वजनावर, त्यात मांस किती हे कुठेच येत नाही, त्यामुळे मांस कमी असलेल्यांना तोच डोस जास्त बाधतो असं दिसलंय. पुढच्या वेळेपासून त्यांनी तिचं किडनीचं जास्त बारकाईने बघितलं, आणि पाचवं सिस्प्लॅटिन रद्दच केलं, चारच झाले. मला आधी वाईट वाटलं पण त्यांनी सांगितलं शेक चुकायला नको, ते जास्त महत्त्वाचं.

तिथे आहाराच्या एक मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या, आम्हाला तोवर माहीतच नव्हतं, कुणी पाठवलं नव्हतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, काल दिवसभरात काय खाल्लं. मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. सकाळी चहा बिस्कीट, दुपारी अर्धी भाकरी आणि आमटीचं वरचं पाणी, संध्याकाळी डाळिंबाचा रस, रात्री दोन घास भात. प्रोटीनची बेरीज २० ग्रॅमसुद्धा झाली नाही. तिला लागत होतं किलोमागे एक ग्रॅमच्या वर, जमलं तर दीडपर्यंत, म्हणजे ५२ किलोला कमीत कमी ६० ग्रॅम धरू म्हणाल्या, आणि कॅलरी १३०० ते १५००. मी डाळिंबाच्या रसावर रोज दीडशे रुपये घालत होते हो, रक्त वाढतं म्हणून.

आणि घरात प्रत्येकजण काहीतरी बंद करायला सांगत होता. साखर बंद कर, गाठीला साखर लागते. मीठ कमी कर. डाळ नको, किडनीवर येतं. दूध नको, दही नको, कफ होतो. एकाने पपईच्या पानांचा रस, एकाने गोमूत्र. प्रत्येकाला आईची काळजीच होती, त्यात शंका नाही, पण सगळ्यांचं ऐकलं तर ताटात उरत होतं काय? किडनीचं मी मॅडमना स्पष्ट विचारलं, त्यांनी डॉक्टरांशी बोलून सांगितलं की स्टेंट टाकल्यावर आकडे उतरलेत, चालेल, आम्ही रक्त बघत राहू. तुमच्या पेशंटची किडनी वेगळी असेल, आमचे आकडे उचलून तसंच करू नका, विचारून करा.

चौथ्या आठवड्यात जुलाब. दिवसाला आठ-दहा वेळा. पोटावर शेक बसला की आतड्याचं आतलं अस्तर सोलवटतं म्हणे. आता ज्या बाईने जन्मभर ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली तिला भाकरी बंद, तिखट बंद, पालेभाजी बंद, दूध बंद. भाकरीशिवाय तिला जेवल्यासारखंच वाटत नाही. ती रडली त्या दिवशी, एवढ्या सुया टोचल्या तेव्हा रडली नव्हती. मग मऊ भात, सोललेल्या मुगाची घट्ट डाळ, केळं, ताक, उकडलेला बटाटा, जुलाब थांबायच्या गोळ्या आणि ओआरएस. दूध पचत नव्हतं पण ताक आणि दही पचत होतं, दही फडक्यात बांधून चक्का करायचा आणि थोडी साखर घालून चार चमचे, चार चमचे, दिवसातून पाच वेळा. पनीर घरी फाडून, धुऊन, हाताने मळून भातात. सोयाबीनचं पीठ दोन चमचे डाळीत, चव लागत नाही. जुलाब थांबल्यावर शेंगदाण्याचा एकदम बारीक कूट ताकात, १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रोटीन असतं, आणि हे तर आपल्या घरात डब्याने पडलेलं असतं. प्रोटीन पावडर पण दिली, ती योजनेत नव्हती, पैसे आमचे गेले. मी शिवणाच्या वहीतच मागच्या पानापासून लिहायला लागले, काय खाल्लं, किती ग्रॅम. ६० रोज झालंच असं नाही, ४० च्या खाली मात्र जाऊ दिलं नाही, दोन-तीन दिवस सोडून.

एकादशीवरून आमचं भांडण झालं. ब्रॅकीथेरपीच्या आदल्या दिवशी आली एकादशी. मी म्हणलं खायचं, ती म्हणाली विठ्ठलाला काय सांगू. शेवटी भावाने तिच्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्या बुवांना फोन लावला, ते म्हणाले माउली, औषध म्हणून घेतलेल्याने व्रत मोडत नाही. तरी तिने भात खाल्ला नाही. राजगिऱ्याची लापशी, शेंगदाण्याची आमटी, ताक, चक्का, केळं. रात्री वहीत बेरीज केली तर ५२ ग्रॅम निघाले, एरवीच्या दिवसापेक्षा जास्त! त्यानंतर एकादशीवरून मी तिला कधी काही बोलले नाही.

दुसरी गोष्ट हालचाल. आपल्याकडे पेशंट म्हणजे पडून राहा, उठू नको, मी देते पाणी. आम्ही पण तेच करत होतो, प्रेमानेच. फिजिओथेरपीच्या मुलीने तिला खुर्चीत बसवलं, हात छातीवर ठेवायला सांगितले आणि न टेकता पाच वेळा उठ-बस. १२ सेकंदांच्या आत व्हायला पाहिजे. आईला २१ लागले आणि पाचव्या वेळी मी धरली. मग तेच व्यायाम म्हणून दिलं, सकाळी पाच संध्याकाळी पाच, रक्ताचे आकडे बरे असतील आणि चक्कर नसेल त्याच दिवशी, शिवाय अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन दहा वेळा वर-खाली, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर गल्लीच्या तोंडापर्यंत चालणं. शेजारणी म्हणायच्या, कशाला छळताय तिला. वहिनीला ऐकून घ्यावं लागलं फार. तिचे उपकार मी विसरणार नाही, रोजचं सगळं तिने केलं, मी वही लिहीत होते.

तिथेच एक अक्कलकोटकडच्या मावशी होत्या, आईच्या आगेमागे नंबर असायचा त्यांचा. जाड होत्या, ७८ किलो, हसऱ्या. सगळे म्हणायचे यांना काय काळजी, अंगात साठा आहे. पण त्यांना बाकावरून उठताना मुलाला दोन्ही हात द्यावे लागायचे आणि पाण्याची बाटली उघडत नव्हती. आत्ता कळतं मला ते काय होतं. अंगावर चरबी असते आणि तिच्याखाली मांस झडलेलं असतं, वरून कुणाला दिसतच नाही, उलट लोक म्हणतात थोडं वजन उतरलं तर बरंच आहे. त्यांना प्रत्येक केमोला अ‍ॅडमिट करावं लागलं, शेकात दोनदा खंड पडला, आणि आतल्या शेकापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. मांसामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही, कुणीच म्हणू शकणार नाही, पण त्यांचा दंड कुणी एकदा हातात धरून बघितला असता का, एवढं मनात राहतं.

माझा भाचा बी. फार्म करतो, त्याला मी विचारलं याच्यावर कुणी काही अभ्यास केलाय का. त्याने शोधून वाचून दाखवलं. तैवानमधल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये छापलंय, याच कॅन्सरच्या, आईसारखीच शेक-केमो घेतलेल्या बायकांचे ट्रीटमेंटच्या आधीचे आणि नंतरचे सीटी मोजून. ज्यांचं मांस ट्रीटमेंटमध्ये जास्त झडलं त्या कमी जगल्या. आणि वजन किंवा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, कमी-जास्त झाल्याचा जगण्याशी तसा संबंध दिसला नाही. मी ते ऐकून गप्पच झाले. आमचा ५२ चा आकडा.

ते घेऊन मी डॉक्टरांकडे गेले आणि सरळ विचारलं, म्हणजे मी तिचं मांस टिकवलं तर ती जगेल का. त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले हा मागे वळून बघितलेला अभ्यास आहे, मांस झडलं म्हणून बायका गेल्या असंही असू शकतं, आणि रोगच जोरात होता म्हणून मांस झडलं असंही असू शकतं, बहुतेक दोन्ही थोडं थोडं. खाऊ घालून आयुष्य वाढतं असं त्याच्यावरून सिद्ध होत नाही. पण अंगात ताकद असली की केमो सोसतं, शेकाला खंड पडत नाही, इन्फेक्शनमधून माणूस बाहेर येतं, आणि ती स्वतःच्या पायाने बाथरूमला जाते. हे शेवटचं मला पटलं. त्याच्यासाठीच पुरे होतं.

आतला शेक चारही वेळा झाला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तिला दुखलं, भूल देऊन करतात तरी नंतर दुखतं, आणि तिने ते कुणाला सांगू नको म्हणलंय. सगळं मिळून ५४ दिवसांत संपलं. त्या दिवशी दंड सव्वानऊ होता, म्हणजे एवढं सगळं करून पण अर्धा इंच अजून गेलाच. पायाची सूज मात्र उतरली आणि वजन ४६ वर आलं. भाऊ घाबरला, सहा किलो गेले म्हणून. मी त्याला म्हणलं, ते आत्ता नाही गेलेले, आधीच गेले होते, पाण्याने झाकलेले होते ते आज दिसले.

ज्यांना मोजायचंय त्यांच्यासाठी सांगते, शिवणातला दंडघेर बाहीच्या काठाशी घेतात, तसं नाही. खांद्याचं टोकाचं हाड आणि कोपराचं हाड याच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करायची, हात सैल सोडलेला, टेप टेकवायची, आवळायची नाही. दर वेळी तोच हात, सलाईनने सुजलेला नको, आणि आठवड्यातून एकदाच, सकाळी. पोटरीचं पण घेतात, सगळ्यात जाड जागी, बाईची ३३ सेंटीमीटरच्या आत म्हणजे १३ इंचाच्या आत आली तर डॉक्टरांना सांगायचं, पण पाय सुजले असतील तर पोटरी फसवते, आमच्याकडे फसवलंच असतं. आणि आकडे लिहा. दोन माणसं मोजणार असतील तर दोघांनी एकदा सोबत मोजून बघा, टेप धरायची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते, मला माझ्या दुकानातल्या पोरींवरून माहितीये.

ऑगस्टमध्ये, श्रावणात, तीन महिन्यांचा स्कॅन झाला. गाठ दिसत नाही म्हणाले. आई रिपोर्टचा कागद कपाळाला लावून बसली होती बराच वेळ. त्याच डॉक्टरांनी परत एल ३ चं चित्र उघडून फेब्रुवारीच्या शेजारी ठेवलं, मांसाची कडा बारीक झाली होती, डोळ्याला दिसण्याइतकी. मला आनंदात पण रडू आलं. मग त्याच्यानंतर खरं काम सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही, कारण आता उलट्या नव्हत्या, भूक लागत होती, भाकरी परत सुरू झाली. ती पहिली भाकरी तिने स्वतः थापली, मी केलेली नको म्हणाली, माझी जाड होते.

आता सव्वा वर्ष झालं. दंड सव्वादहा. गेले चार महिने तिथेच थांबलाय, ११ काही होत नाही, डॉक्टर म्हणतात कदाचित होणार पण नाही, या वयात गेलेलं सगळं परत येतंच असं नाही. पाच उठ-बस १३ सेकंदांत. वजन ४९. आषाढीला पंढरपूरला पायी नाही गेली पण एसटीने जाऊन आली आणि दर्शनबारीत दोन तास उभी राहिली, मला न सांगता, मी चिडले तर म्हणाली, "मोजून घे की दंड, कमी झालाय का बघ." लग्नातल्या त्या ब्लाऊजची बाही मी मधे थोडी सोडून दिली. माया होतीच आत.

जुलाब मधूनच होतात अजून, शेकाचं आहे ते, राहील म्हणालेत. आणि दर स्कॅनच्या आधी दोन आठवडे घरात कुणाला नीट झोप लागत नाही, तीही आता सवयीची झालीये, सवयीची म्हणजे सहन होते असं नाही.

पुढचा सीटी दिवाळीनंतर आहे. तारीख द्यायला बसलेल्या मुलाने दुपारी तीनची दिली होती. मी म्हणलं सकाळी पहिल्या नंबरला घ्या, उपाशी आणावं लागतं ना, तीनपर्यंत तिची दोन जेवणं बुडतात. त्याने वर बघितलं, काहीतरी खोडलं आणि साडेआठ लिहून दिले.